वाघाच्या पोटातली पऱ्हाटी

मोरबी
११ मे २००६

ममता,

जय भीम. एवढं लिहितो, कारण त्याच्याशिवाय पत्र सुरू करायचं नाही असं आईनं लहानपणी शिकवलं. त्याच्यापुढचं 'सप्रेम' मी गाळलं. तुले समजन काहून.

तू आपल्याच आईची पऱ्हाटी वाघाले दिली म्हणे.

कलीमनं सांगितलं. मी इथं बूथमधे फोन कानाले लावून उभा, मागं पोरं दार वाजवून राह्यले, अन् तो तिकडून हसून राह्यला. "अबे दीप्या, तुमची पूरी गंजी शेरच्या पेटात गेली. कसम से. एक काडी नाही राह्यली अंगनात."

मले वाटलं चेष्टा आहे. मंग त्यानं सगळं सांगितलं. मुकुटबनच्या त्याच्या वेल्डिंगच्या दुकानात तुह्या त्या जंगल वाचवणाऱ्या संस्थेची गाडी आली, लोखंडी सळाखीचा सांगाडा करून पाहिजे म्हणाले, एसटीएवढा लांब. त्यानं केला. वाकडी शेपूट करायले त्याले दोन दिवस लागले, ते तो मोठ्या अभिमानानं सांगत होता. मंग मुंबईचा एक दाढीवाला आला अन् म्हणाला, आता याच्यावर कापसाच्या पऱ्हाटीची कातडी चढवायची. 'कापसाचा वाघ.' रानउत्सवातलं यंदाचं मोठं आकर्षण. अन् ती पऱ्हाटी गावानं द्यायची, घरोघरून, डफडं वाजवत, लहान पोट्ट्याइले पुढं घालून. अन् पोट्ट्याइच्या पुढं तू.

मी इथं टाइलच्या कारखान्यात आहे, प्रेसवर. मशीनचं काम आहे, चांगलं आहे. रात्री खोलीवर आलो अन् जेवणच गेलं नाही. किळस आली, खरं सांगतो. कोणाची ते नाही सांगत.

पऱ्हाटी म्हणजे काय, हे त्या दाढीवाल्याले नाही समजलं तं चालते. तुले मी सांगाव का? कापूस वेचून झाला की वाळलेली झाडं आई लोकाइच्या वावरात उपटायले जाते, रोजानं नाही, अर्ध्यावर. उपटली त्यातली अर्धी मालकाची, अर्धी तिची. तळहात पहा तिचे. मंग ते भारे डोक्यावर आणून अंगणात रचते, अन् पावसाळाभर चूल त्याच्यावर. यंदा कापसानं कोणालेच काही दिलं नाही. बोंडं किडकी, भाव मेलेला, व्यापारी गाडी पाहूनच मान फिरवे. पण पऱ्हाटी तं उभी होती. तेवढीच एक गोष्ट त्या वावरातून धड घरी आली होती, अन् तू ती डफडं वाजवून नेली.

आईनं काहून दिली, तेही कलीमनं सांगितलं. "पोरगी दारात उभी राहून सगळ्यापुढं मागून राह्यली, तं काय भांडू तिच्यासंगं?" असं म्हणाली म्हणे. अन् तू म्हणे हळूच तिले सांगितलं, आपल्या घरचं मोठं दिसलं पाहिजे, नाही तं लोकं म्हणतीन, बाईचं स्वतःचं घर रिकामं. म्हणून सगळी दिली. लोकाइनं एक-एक दोन-दोन भारे दिले, अन् माह्या आईनं आख्खी गंजी.

मागच्या उन्हाळ्यात मी होतो ना त्या संस्थेच्या उत्सवात, मले माहीत आहे सगळं. सकाळी पाचाले पक्षी पाहायले जायचं. लोकं तेंदूपत्ता तोडायले त्याच वाटेनं जाते, तं त्याइले म्हणायचं, हळू चाला, पाहुण्याइचे पक्षी उडते. मंग ती 'मौन चाल'. उन्हात, तोंडाले मलम फासून, एकामागं एक, कोणी बोलायचं नाही. रानाचा आवाज ऐकायचा. कोलामाइची पोरं झाडावर बसून पाहत अन् म्हणत, याइच्या घरी कोणी मेलं का? संध्याकाळी भिंतीवर चित्रं, तीही ठाण्याकडच्या वारल्याइची. कोलामाच्या पोराले मुंबईची बाई शिकवते, तुम्ही आदिवासी आहा, असं काढा. अन् रात्री गाणे. जंगल वाचवा. तंबूत न्हायले टँकर, अन् कोलामाइच्या वस्तीवरच्या, पोडावरच्या बाया घागरी घेऊन त्याच टँकरखाली गळणारं पाणी धरते.

तवाच एका पाहुणीनं उष्टं ताट माह्या हातात दिलं होतं. "तुमच्याकडे कोणी खाईल का? वाया नको जायला." मी ते सतरंजीवर उपडं केलं. संस्थेच्या देवयानी मॅडम म्हणाल्या, तू आमच्या मूल्यांत बसत नाहीस. बरं झालं नाही बसलो. पण पुढच्याच आठवड्यात 'स्थानिक संयोजक' लिहिलेली टोपी तुह्या डोक्यावर होती. माहीच टोपी. आतली पट्टी पाह्यली असती, तं माह्या घामाचा डाग दिसला असता.

ते जाऊ दे. मी त्याच्यासाठी नाही लिहून राह्यलो. एकच सांगतो. आईची पऱ्हाटी मिरगाच्या आधी अंगणात परत आली पाहिजे. कशी ते तू पहा.

धम्मदीप

मोरबी
२४ मे

ममता,

उत्तर नाही आलं तुहं. येईन असं वाटलं नव्हतंच.

कलीमनं पेपरचं कात्रण पाठवलं. वाघाचा फोटो आहे. चांगला केला आहे, खोटं कायले बोलू. मान अशी वळवलेली, जसा पाठीमागून कोणी आवाज दिला. खाली देवयानी मॅडमचं बोलणं छापलं आहे: 'गावकऱ्यांनी स्वतःहून शेंदूर लावून, नारळ फोडून या कलाकृतीला आपलंसं केलं, हा आमच्या चळवळीचा सर्वात मोठा सन्मान आहे.'

मी हे खोलीवरच्या पोराइले वाचून दाखवलं. एक ओडिशाचा आहे, तो एवढा हसला की त्याले ठसका लागला. म्हणाला, हमारे उधर भी ऐसा करते तो भगवान बन जाता. बघ, ओडिशाच्याले समजलं अन् तुमच्या मॅडमले नाही.

तुले तरी समजलं होतं ना? आखाजीच्या आठवड्यात, डफडं वाजवत, दारोदारी 'वाघासाठी द्या, वाघासाठी द्या'. अन् वाघ उभा कुठं केला? तं शिवेवरच्या बिब्याच्या झाडापाशी, वाघोबाच्या दगडाच्या बाजूले. काहून? तं दाढीवाल्याले तिथं उजेड चांगला भेटला. अवं बाप्पा! पेरणीच्या आधी वाघोबाचं मागणं घरोघरी येते, हे आपल्या वस्तीतलं लहान पोट्टंही सांगते. मूठभर दाणे, कोंबडीचं पिल्लू, कोणी काय, कोणी काय. दिलं की ते त्याचं. परत घरात आणलं तं वाघ त्याच्यामागं घरात येते. कोलामाइची रीत आहे, पण पाळते सगळं गाव. तांडाही पाळते, पाटलाचा वाडाही पाळते. आपल्या घरी नाही पाळत, पण माहीत तं आहे. पोड आपल्या वस्तीच्या पाठीले लागून आहे, आपण तिथंच खेळून मोठे झालो.

लोकाइले वाटलं, यंदा कापूस गेला, म्हणून वाघोबानं लाकूड मागितलं. म्हणून कोणी कुरकुर नाही केली. म्हणून रामसिंग सरपंचानंही दोन भारे दिले, जो माणूस बिडीही देत नाही.

कलीम म्हणते, पोडावरचा म्हातारा लेतूबाबा शेंदराची वाटी घेऊन आला तवा तू मॅडमपाशी गेली होती. काही तरी सांगायले. अन् मॅडम म्हणाल्या, "ममताताई, एक मिनिट, हा क्षण जाऊ द्यायचा नाही," अन् फोटोवाल्याले हाक मारली. मंग तू गप बसली. हे खरं असन, तं मले तुह्याबद्दल जरा कमी राग आला. पण लगेच जास्त आला. तुले माहीत असून तू गप बसली.

आता उत्सव संपला, तंबू गेले. संस्थेनं पाटी लावली म्हणे: कला क्षणभंगुर असते, आपापली पऱ्हाटी घेऊन जावी. कोण नेईन? कलीम तिथं उभा होता. लेतूबाबाले मॅडमनं विचारलं, बाबा, नेत काहून नाही? तो म्हणाला, "देल्लं ते देल्लं. त्याचं हाये आता."

"अहो पण आम्हीच बनवला ना हा?"

"बनवला तुम्ही. बसला तो."

मॅडमनं म्हणे वहीत लिहून घेतलं. कायले घेतलं? पुढच्या वर्षीच्या पत्रिकेत छापायले असन.

आई काय म्हणते ते कलीमले माहीत नाही. तू तं तिथंच राहतं, तिच्याच चुलीवरची भाकर खातं. एक ओळ लिही.

धम्मदीप

मोरबी
५ जून

ममता,

मी आज कामावर नाही गेलो. मुकादमाले सांगितलं पोटात दुखते.

कलीमचा फोन आला. ग्रामपंचायतीच्या ओट्यावरच्या सभेचं त्यानं सगळं सांगितलं. आता मी सांगतो, तू ऐक, अन् कुठं चुकीचं असन तं मले खोटं पाड. मले लय बरं वाटन.

मॅडम आल्या. म्हणाल्या, पावसाच्या आत हे उतरवलं पाहिजे, वनखात्यानं नोटीस दिली आहे, वरून बाया सरपणाले जंगलात जाऊन राह्यल्या अन् आमचं नाव खराब होऊन राह्यलं. कोणी उतरवाले तयार नाही. मंग मॅडमनं विचारलं, "ज्यांची श्रद्धा आड येत नाही असे कोणी आहेत का गावात?"

अन् सगळं गाव आपल्या वस्तीकडं पाहून राह्यलं.

रामसिंग म्हणाला, "हायेत ना. बौद्ध वस्ती हाये. त्याइले देव नाही, धर्म नाही, वाघोबा नाही. त्याइले काय होते?" मंग हसला. "अन् मेलेलं वढून न्यायची त्याइले जुनी सवय हाये."

मॅडमले समजलं नसन, त्या नागपूरच्या आहे, की समजलं अन् ऐकलं नाही. त्या खुश झाल्या. म्हणाल्या, हा तर विज्ञाननिष्ठेचा किती छान संदेश होईल! वस्तीतल्या लोकाइनं वाघ उतरवायचा, सगळी पऱ्हाटी मोकळी करायची, अन् उतरवली की तिच्यातला वाघोबा जाते, मंग ज्यानं त्यानं आपापली न्यायची. लेतूबाबाही म्हणे तयार झाला. दुसऱ्याच्या हातानं मोडलं तं चालते.

अन् तू म्हणाली, "मी वस्तीत बोलून पाहते."

असं म्हणाली का तू? कलीमनं ऐकलं चुकीचं, असं लिही. त्याच्या दुकानात दिवसभर ग्राइंडर चालते, त्याले तसंही कमी ऐकू येते.

आज्याचं तुले सांगायची गरज नाही. छप्पन्न साली नागपुरावरून आला अन् दुसऱ्या दिवशी मेलेलं ढोर वढायचा दोर नेऊन पाटलाच्या दारात टाकला. गावानं पाणी बंद केलं, काम बंद केलं, आज्या-आजीनं एक उन्हाळा मुकुटबनले माती वाहून काढला. बाबा सांगत तवा तूच रडत होती, मी तं लहान होतो, मले झोप येत होती. आता पन्नास वर्षं होऊन राह्यली, अन् त्याच गावच्या शिवेवर पऱ्हाटीचा वाघ मेला, तं तो वढायले पुन्हा आपण? अन् दोर घेऊन पुढं कोण, तं बाबाची, भीमराजची शिकलेली पोरगी? तू बारावी झाली, मी सातवीत सुटलो, म्हणून मले कमी समजते असं नाही.

तू म्हणशीन, आपण नाही मानत त्या वाघोबाले, मंग मोडायले काय हरकत? सगळ्याइची चूल पेटन. मीही विचार केला त्याचा, हातातलं काम चालू असताना दिवसभर केला. मानत नाही हे खरं. पण त्याइनं आपल्याले शहाणे म्हणून नाही बोलावलं ममता. आपल्याले इटाळ होत नाही, कारण आपणच इटाळ, म्हणून बोलावलं. अन् पुढं एखादं ढोर वाघानं नेलं, तं कोणाचं नाव घेतीन? मॅडमचं? त्या तवा नागपूरले असतीन.

वस्तीत कोणी हात लावायचा नाही. बाबा असते, तं हेच म्हणाले असते. आईले माह्याकडून सांग. तिनं पाय टाकायचा नाही तिकडं.

हे अक्षर असं वाकडं आलं, कारण बोटाची कातडी निघाली आहे. मशीनच्या ऑइलनं होते तसं. त्याचं काही नाही.

धम्मदीप

मोरबी
१४ जून

ताई,

आईले वनखात्याच्या गार्डनं धरलं होतं का? कलीम म्हणते, ती ओली लाकडं घेऊन येत होती, कुऱ्हाड ठेवून घेतली अन् नाक्यावर बसवून ठेवलं. मंग तू जाऊन सोडवून आणलं. त्याच संस्थेची टोपी घालून गेली म्हणून गार्डनं सोडलं, असंही म्हणते.

तिले लागलं का कुठं? ती आता कशावर रांधते?

शेजारच्या दुकानाच्या नंबरवर फोन केला, कोणी उचलत नाही. मी रागानं लिहिलं ते ठीक आहे. पण हे सांग.

धम्मदीप

मोरबी
२ जुलै

ताई,

तुहं पत्र भेटलं. पाकीट फोडायच्या आधी मी ते उशाखाली ठेवलं अन् एक पाळी करून आलो. भ्या वाटलं, दुसरं काय.

कलीमनं एक सांगितलं, तू वेगळं लिहिलं. कलीमच्या सांगण्यात आई वाघिणीसारखी गरजली वगैरे आहे. तुह्या पत्रात ती काहीच गरजली नाही. मले तुहं खरं वाटते. मी जसं समजलो तसं पुन्हा लिहितो, मले ते लिहून पाहाव वाटते.

नाक्यावरून आली त्या रात्री तिनं चूल पेटवली. ओल्या लाकडाचा धूर झाला, भाकर कच्ची राह्यली, तीच खाल्ली तुम्ही दोघीनं. सकाळी तिनं पदर खोचला अन् निघाली. तू विचारलं, कुठं? म्हणाली, "माहं घेऊन येतो."

तू म्हणाली, माय, धम्मानं नाही म्हणून लिहिलं आहे. म्हणाली, "त्यानं वढायले नाही म्हनलं. म्या वढून नाही राह्यली. माहं घेऊन येतो."

शिवेवर मॅडमची गाडी होती, रामसिंग होता, लेतूबाबा होता, पोडावरच्या बाया होत्या. त्याइले वाटलं, आली वस्ती, लागलं काम. रामसिंग म्हणालाही, "या या मथुराबाई! बाकीचे कुठं हायेत? पायापासून सुरू करा."

आईनं त्याच्याकडं पाह्यलं नाही. वाघाच्या पोटाशी बसली. दाढीवाल्यानं वरून सुटी पऱ्हाटी लावली होती, पण पोट भरायले भारेच्या भारे कोंबले होते, न सोडता. अन् आई भारे बांधते जुन्या लुगड्याच्या चिंधीनं, हिरव्या. तिनं एक-एक हिरवी चिंधी पाहून भारा वढला. दुसऱ्याचा मधात आला, तं तो काढून बाजूले ठेवे, अन् आपला घेतला की पुन्हा जागेवर कोंबे. तू लिहिलं, हे पाहूनच तुह्या अंगावर काटा आला. माह्याही आला, इथं बसून.

मॅडम म्हणाल्या, अहो मावशी, सगळेच काढा ना, कशाला परत ठेवता? आई म्हणाली, "ते माहे नाही."

"पण त्यांना नको आहेत."

"त्याइले नको तं त्याइनं म्हनाव. माह्या तोंडानं कायले?"

रामसिंग तवा चिडला. म्हणाला, बाई, गावानं ठरवलं आहे, तुमच्या लोकाइनं उतरवायचा. मजुरी घ्या पाहिजे तं. अन् आई उठली, डोक्यावर चुंबळ ठेवली, म्हणाली, "माहं झालं. तुमचा वाघ तुम्ही पहा."

अन् तू भारा उचलून तिच्या डोक्यावर दिला. मंग दुसरा स्वतःच्या डोक्यावर घेतला. मॅडमनं तुले नावानं हाक मारली अन् तू थांबली नाही. दिवसभर तुम्ही खेपा केल्या, दोघीच. वस्तीतलं कोणी आलं नाही, भ्यालं, अन् आईनं बोलावलंही नाही. तुह्या खेपाइचं तू एका ओळीत लिहिलं, 'मग आम्ही आपले भारे घरी आणले.' बाकी मले कलीमकडून काढाव लागलं. संस्थेनं तुले 'काही दिवस विश्रांती घ्या' म्हटलं, तेही त्यानंच सांगितलं. मी हसणार होतो. नाही हसलो.

वाघाचं पोट पडलं, मान खाली आली, असं तू लिहिते. पाणी पडल्यावर पऱ्हाटी काळी झाली, तिच्यावर छत्रीसारख्या पांढऱ्या सात्या उगवल्या, शेळ्या त्याले अंग घासते अन् खाली मुतते. मॅडम पुन्हा आल्या नाहीत. मले तो फोटो काढून पाठवाव वाटते त्या पेपरले. पण कोण छापीन?

अन् रामसिंगचं वासरू खऱ्या वाघानं नेलं तवा जे होणार होतं ते झालंच. मी लिहिलं होतं ना? तो आपल्या दारात येऊन म्हणाला, मथुराबाईनं वाघाचं पोट फाडलं, म्हणून तो भुका झाला. आई भाकर थापत होती. म्हणाली, "भुका असन तं पाठव त्याले इकडं, कोरभर भाकर मीही देईन. तुह्यासारखं वासरू रात्रीचं रानात सोडून नाही ठेवत." अन् लोकं हसले. तांड्यातलेही हसले. गावात आपल्या बाजूनं कोणी हसलं, हे मी पहिल्यांदा ऐकलं.

आता मानीबाईचं.

तू लिहिलं, ती पावसात पोडावरून आली, कुंपणाच्या बाहेर उभी राह्यली. सून बाळंत झाली होती, ओली लाकडं नुसती धुपत होती, पाणी काही तापत नव्हतं. म्हणाली, "मथुरे, इस्तो दे वं." आईनं विचारलं, "वाघोबाच्या लाकडाचा हाये. चालन?" अन् मानीबाई म्हणाली, "लाकूड त्याचं असन. इस्तो तं तुह्या चुलीचा हाये."

मी हे खोलीवर कोणाले वाचून नाही दाखवलं.

आईनं फुटक्या मडक्यात निखारे भरून दिले, वरून राख घातली, अन् पाणी तापायले भाऱ्यातली चार कांडकंही पेटवून दिले. त्याले माही काही हरकत नाही. मानीबाईनं लहानपणी मले तिच्या पोरासंगं कण्या चारल्या आहेत. तिच्या दारात मी हात धुवायले कोणाले विचारलं नाही.

पण मंग तू लिहिलं, दुसऱ्या दिवशी पोडावरच्या आणखी बाया आल्या. मंग तांड्यातल्या. मंग गावातल्या. लाकडाले हात लावायची भीती, पण निखारा चालते. अन् रामसिंगची बायको अंधार पडल्यावर येते, सांदीतून, मागच्या दारानं, तोंडावर पदर घेऊन, न बोलता मडकं पुढं करते. अन् आई तिलेही देते. अन् असं देत राह्यली, तं गंजी पोळ्यापर्यंत पुरत नाही. तू विचारलं, 'आईला थांबवू का? तू सांगशील तसं करते.'

मले हे वाचून पहिले तं पुन्हा तीच किळस आली. वाघ आमच्या हातानं मोडायचा, तवा आम्ही इटाळाचे. आमच्या चुलीची आग पाहिजे, तवा अंधारात, मागच्या दारानं. वाटलं लिहून टाकू, एक निखारा द्यायचा नाही. दोन वेळा तसं लिहिलं अन् फाडलं.

इथलं एक सांगतो, आईले सांगू नको. मी प्रेसवर नाही आहे. टाइलच्या मातीचं घाण पाणी एका मोठ्या हौदात साचते, त्याच्यात उतरून गाळ काढायचं काम आहे. मुकादमानं पहिल्या दिवशी नाव नाही विचारलं, जात विचारली, अन् हौद दाखवला. पुढच्या फाटकापाशी शेठचं ऑफिस आहे. म्हणून आम्ही मागच्या फाटकानं यायचं, मागच्याच फाटकानं जायचं. काल मी पुढच्या फाटकानं गेलो. वॉचमननं थांबवलं. मी म्हटलं, पगारपत्रकावर नाव आहे माहं, वाच. त्यानं वाचलं अन् जाऊ दिलं. आज पुन्हा थांबवलं. उद्या पुन्हा पुढूनच जाणार आहे. काढतीन बहुतेक. काढलं, तं दुसरीकडं पाहीन. मी तसाही एका जागी कुठं टिकतो.

तं तुले उत्तर असं. आईले थांबवू नको. मानीबाईले दे, पोडावरच्या सगळ्याइले दे, जे येतीन त्याइले दे. गंजी सरली तं सरली, मी इकडून काही तरी करतो.

फक्त मागचं दार लावून घे. आतून कडी घाल. अन् रामसिंगची बायको आली, तं तिले म्हण, काकू, पुढच्या दारानं या. उजेड असताना या. आईले नावानं हाक मारा. मंग मडकं भरून द्या तिले, वरून राखही घाला, वाटेत विझू नये म्हणून.

आईले जय भीम. तुले सप्रेम जय भीम.

तुहा
धम्मदीप